दाराशी ठेवलेली बंदूक

पाळक हिवाळे प्रभुभोजनाच्या भाकरीची ताटली घेऊन समोर आले आणि दानिएलने पुढे केलेली ओंजळ मागे घेतली. घेतली म्हणजे काय, ती आपली आपणच मागे आली, तापल्या तव्याला बोट लागावं तशी. डाव्या तळव्यावर उजवा तळवा ठेवायचा, मान खाली घालायची, गुडघ्यांवर बसायचं, हे तो मिसरूड फुटल्यापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी करत आला होता. त्यात विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आज मात्र मान खाली घातल्याबरोबर तळव्यांना येणारा बंदुकीच्या तेलाचा वास नाकात गेला, आणि पुढचं त्याच्या हातात राहिलं नाही. पाळक थांबले. भाकरीचा तुकडा त्यांच्या चिमटीत तसाच राहिला. शेजारच्या बायनाबाईने डोळे किलकिले करून पाहिलं. प्रार्थनेत डोळे मिटून बसलेल्या माणसांना जगातलं सगळं आधी दिसतं. "घ्या, दानिएलभाऊ," पाळक हळू आवाजात म्हणाले. दानिएलने नुसती मान हलवली. पाळकांनी क्षणभर वाट पाहिली आणि तो तुकडा बायनाबाईच्या हातावर ठेवला.

तो उठला आणि मधल्या वाटेने बाहेर चालू लागला. पाठीवर साऱ्या मंडळीची नजर होती. थोड्याच वेळापूर्वी याच मंडळीने त्याच्यासाठी देवाचे उपकार मानले होते. पाळकांनी मोठ्याने प्रार्थना केली होती की, प्रभू, आमच्या बंधूच्या हाती शस्त्र असून त्याच्या हातून रक्त सांडलं नाही, तू त्याचा हात आवरलास. आणि सगळे "आमेन" म्हणाले होते. दानिएलही म्हणाला होता. तो आमेन आता त्याला परत घ्यावासा वाटत होता. बाहेर पायरीशी चपलांच्या घोळक्यात, भिंतीला टेकून त्याची बंदूक उभी होती. कापसाच्या जिनमधली रात्रीची राखण संपवून तो थेट देवळात यायचा, आणि बंदूक कुठे वाऱ्यावर सोडता येत नाही म्हणून ती दाराशी ठेवायचा, चपलांबरोबर. इतक्या वर्षांत कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. चप्पल आत चालत नाही तशी बंदूक चालत नाही, इतकं ते सोपं होतं. आज तिच्याकडे बघताना त्याला वाटलं, चप्पल पायातून काढली की पाय मोकळा होतो. हिचं तसं झालं नाही.

बंदूक खांद्याला लावून तो मिशनच्या फाटकाबाहेर पडला. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं, पण पाय स्टेशनच्या रस्त्याला लागले. जानेवारीचं ऊन कोवळं होतं. कापसाच्या गाड्यांची रांग थेट नाक्यापर्यंत लागलेली, आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले. दोन महिन्यांमागे हैदराबाद जाऊन मुंबई राज्य आलं होतं. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलत होत्या, माणसं अजून "मामलेदार कचेरी"ला तहसील आणि "दवाखान्या"ला शफाखानाच म्हणत होती. पानपट्टीवरचा पोलीस नाईक त्याला पाहून उठून उभा राहिला. "काय दानेल, एक बी बार न काढता काम फत्ते! हुशार मानूस बाबा तू." दानिएल हसला. त्याला हसायचं नव्हतं. गुरुवारपासून सगळं गाव त्याला असंच शाबासकी देत होतं, आणि प्रत्येक शाबासकीबरोबर तो अधिकच एकटा पडत होता. लग्नघरात ज्याच्या अंगात ताप आहे, त्याने आपला ताप कुणाला सांगावा?

गुरुवारी घडलं ते असं. दिवस मावळायच्या सुमाराला भोंगा झाला, मजूर गेले. कापसाच्या गाठी गाड्यांत चढवायचा जो उंच दगडी धक्का आहे, त्याच्यावर सांडलेली सरकी वेचायला कडूबाई आली. ती रोजच यायची. मागच्या भिंतीला पाणी जायचं भगदाड होतं, त्यातून आत शिरायची, पदरात ओंजळ-दोन ओंजळी सरकी घ्यायची, आली तशी जायची. दानिएल रोज पाहायचा आणि पाहिलं न पाहिलं करायचा. सांडलेली सरकी पाखरंही खातात. पण त्या दिवशी मालक, बसवंतराव, गादी सोडून ओसरीत येऊन उभे होते. आदल्या दिवशी दोन पोती कमी भरली होती, आणि मालक म्हणाले होते, "दानेल, राखन म्हंजे नुस्तं उभं ऱ्हानं न्हवं." मालकांची नजर कडूबाईवर गेली आणि मग दानिएलवर आली. दानिएलने खांद्यावरची बंदूक काढली, दस्ता खांद्याला लावला आणि तिच्यावर नेम धरला. कडूबाईने वर पाहिलं. पदर सुटला, सरकी खाली ओघळली. ती तशीच, तोंड त्याच्याकडे ठेवून, मागे मागे सरकू लागली. मागे धक्का संपत होता. खाली दगड होते.

बंदूक रिकामी होती. हे नाईकाला माहीत नव्हतं, पाळकांना माहीत नव्हतं, सगळ्या परभणीत कुणालाच माहीत नव्हतं. आठ वर्षं तो रिकामी बंदूक खांद्यावर वागवत होता. नळ्या रोज पुसायचा, तेल द्यायचा, पट्टा घासायचा, आणि काडतूस मात्र एकही ठेवायचा नाही. जिला माहीत होतं ती चतुराबाई, त्याची बायको, तीन पावसाळ्यांमागे गेली. ती होती तेव्हा कधी कधी थट्टा करायची, "कसा चाललाय बगा जमादार, मोकळ्या मडक्याला कडी लावून!" तिच्यामागे ही थट्टाही गेली आणि ते गुपित त्याच्या एकट्यावर येऊन पडलं. त्याला त्या रिकामेपणाचा मनातून अभिमान होता, हे तो आज चालता चालता स्वतःशी कबूल करत होता. 'खून करू नको' ही सहावी आज्ञा मोडण्याची सोयच त्याने ठेवली नव्हती. मंडळीत कुणी रागीट होतं, कुणी शिंदी पीत होतं, कुणी वजनात मारत होतं, आणि आपण बंदूकवाले असून निष्पाप, असं त्याचं एक छोटंसं, गोड, गुपचूप सुख होतं.

बंदूक मुळात गोऱ्या पाद्रीसाहेबांची. हिवाळ्यात साहेब दौऱ्यावर निघायचे तेव्हा दानिएलचा बाप, सटवाजी, बैलगाडी हाकायचा आणि नुकता जाणता झालेला दानिएल मागे पेटीवर बसायचा. त्या पेटीत दोनच जपायच्या वस्तू असत: ही दुनळी बंदूक आणि प्रभुभोजनाचा चांदीचा प्याला. दोन्ही एकाच हिरव्या बनातीत गुंडाळलेल्या. चारठाण्याच्या अलीकडे माळावर साहेब काळवीट मारायचे, गावच्या ख्रिस्ती मंडळीला मांस वाटायचे, आणि दुसऱ्या दिवशी लिंबाखाली त्याच हातांनी भाकर मोडायचे. प्याला ओठाला लागला की तेलाचा वास यायचा. दानिएलला तो वास देवाचाच वाटायचा. एकदा त्याने विचारलं होतं, साहेब, आज्ञा काळविटाला लागू आहे का? साहेब मोठ्याने हसले आणि त्यांनी त्याला नेम धरायला शिकवलं. श्वास अर्धा सोड, मग थांब, मग बोट. चापावर बोट ठेवून तो थांबलेला क्षण फार शांत असायचा. प्रार्थनेत त्याला तशी शांतता क्वचितच मिळाली होती. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखी आहे हेही त्याला कळलं नव्हतं.

मग ते साल आलं. आधी रझाकारांच्या भीतीने माणसं मिशनच्या वाड्यात लपायला आली. पोलिस ॲक्शन झाली, वारं फिरलं, आणि त्याच खोल्यांत, त्याच चटयांवर दुसऱ्या बाजूची माणसं येऊन लपली. साहेबांनी दोघांनाही भाकरी घातली. एका दुपारी फाटकावर जमाव आला. सगळ्यांत पुढे लिंबाजी होता, ज्याच्या घाण्यावरून मिशनचं तेल यायचं. साहेबांनी बंदूक दानिएलच्या हाती दिली, कारण त्यांचे हात कापत होते. दानिएल फाटकात उभा राहिला आणि त्याने लिंबाजीच्या छातीवर नेम धरला. श्वास अर्धा सोडला. लिंबाजीचं तोंड बदलत गेलं. रागातून आश्चर्य, आश्चर्यातून भीती, आणि मग तो लहान होत गेला, रोज तेल मोजून देणारा तो धिप्पाड माणूस डोळ्यांदेखत लहान होत गेला. जमाव पांगला. सगळ्यांनी देवाचे आभार मानले, साहेबांनी त्याला मिठी मारली. आणि दानिएल विहिरीवर जाऊन ओकला. माणसं वाचली याचा आनंद त्याला झालाच होता. पण त्याआधी, लिंबाजी लहान होत असताना, त्याला गोड वाटलं होतं. त्याच संध्याकाळी त्याने काडतुसं विहिरीत टाकली. साहेब विलायतेला निघाले तेव्हा बंदूक त्यांनी जिनच्या नावावर करून दिली आणि दानिएलला तिच्याबरोबर राखणीला लावून दिलं. काडतुसं गेली म्हणजे प्रश्न गेला, असंच तो धरून चालला होता.

आणि गुरुवारी कडूबाई मागे सरकत होती तेव्हा तीच गोडी पुन्हा जिभेवर आली. अगदी तीच. आठ वर्षांत तिची चव जराही उतरली नव्हती. एक शब्द टाकला असता तर ती थांबली असती, पण त्याने टाकला नाही. त्याला तो क्षण संपवायचा नव्हता. मग धक्का संपला आणि ती खाली दगडांवर गेली.

सरकारी दवाखान्याच्या पायऱ्यांवर तो जरा वेळ उभा राहिला. बायकांच्या खोलीत कडूबाई खिडकीजवळच्या खाटेवर होती. मांडीपासून घोट्यापर्यंत फळ्या बांधलेल्या. जवळ कुणी नव्हतं. दुसऱ्या खाटांपाशी लेकी-सुना, जावा-नणंदा, डबे, पेरूच्या फोडी. हिच्या उशाशी नुसता एक ॲल्युमिनियमचा पेला. तिने त्याला पाहिलं आणि तिचा हात पदराकडे गेला, मग बंदुकीकडे नजर गेली आणि हात तिथेच थांबला.

"जमादार व्हय," ती म्हणाली. "इथंबी आनली का ती?"

"कुठं ठेवता येत न्हाई, बाई."

"बसा. मी काय पळायली न्हाई आता."

तो बसला नाही. खाटेपाशी उकिडवा झाला. पायऱ्यांवर उभं राहून जुळवलेलं बोलणं कुठे गेलं ते कळेना. शेवटी त्याने एकदम सांगून टाकलं. "बाई, ही रिकामी हाय. त्या दिशीबी रिकामीच व्हती. हिच्यात मी कधीच काडतूस ठेवत न्हाई." तिला नीट समजलं नाही असं वाटून त्याने बंदूक मधल्या सांध्यावर वाकवून उघडली आणि नळ्या खिडकीच्या उजेडाकडे धरल्या. तिने मान उचलली, एक डोळा मिटला आणि नळीतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"उजेड दिसायलाय," ती म्हणाली.

"तेच सांगायलोय. तुला काई झालं नसतं."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि त्याची नजर तिच्या फळ्यांवर पडली. कडूबाईने मान पुन्हा उशीवर टाकली. ती रडेल, शिव्या देईल, किंवा माफ केलं म्हणेल, यांतल्या कशालाही तो तयार होता. आपण माफीसाठीच आलो आहोत, हेही त्याला आत्ताच कळत होतं.

"ते तुमाला ठावं व्हतं," ती छताकडे बघत म्हणाली. "मला कुठं ठावं व्हतं? माझ्यासाटी ती भरलेलीच व्हती की. अजूनबी डोळा लागला की भरलेलीच दिसती." मग तिचा आवाज चढला, पलीकडच्या खाटेवरच्या बाया वळून बघू लागल्या. "रोज येत व्हते म्या. रोज बगत व्हता तुमी. त्या दिशी नुस्तं म्हनला असता, बाई, जा, आज मालक उभा हाय, तर गेले नसते का? चोरटी हाय का म्या? तोंड न्हवतं का तुमाला?"

दानिएलने उघडी बंदूक मिटली. आत्ताही त्याला तोंड नव्हतं.

"पंडित माझा, त्याची बायकू, समदी वस्ती नगरकडं ऊसतोडीला गेली," ती खालच्या आवाजात म्हणाली. "शेळी बांधलेली हाय घरापशी. गुरुवारधरनं. कुनाला सांगू? डागदरला सांगितलं, तर हसला." तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. मोडलेल्या मांडीसाठी ती रडली नव्हती, शेळीसाठी रडत होती. "रुळाच्या पल्याडचं शेवटचं खोपट. मेली बी असंल."

तो उठला. दाराशी जाऊन परत वळला. "जातो," एवढंच म्हणाला.

जिन वाटेतच होती. रविवार असला तरी हंगामात बसवंतराव गादीवर असत. कपाळाला भस्म, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, हातात अडकित्ता. दानिएल थेट गादीसमोर जाऊन उभा राहिला. या वेळी त्याने जुळवाजुळव केली नाही. "मालक, बंदूक रिकामी हाय. आठ वर्सं झाली." नोकरी जाईल, गोदामामागची खोली जाईल, पन्नाशीच्या ख्रिस्ती माणसाला या गावात दुसरं दार कोण उघडणार?

बसवंतरावांनी सुपारी कातरली. "बरं, मग?"

"मग काय, मालक? मी तुमाला फसिवलं."

"येडा का काय तू? आठ वर्सांत एक काडतूस मागितलं न्हाईस, मला काय कळत न्हाई व्हय?" ते हसले. हसण्यात कुचकेपणा नव्हता, उलट माया होती. "आरं, भरलेली बंदूक ठिवून कुनाचा जीव घ्यायचाय मला? पाप हाय ते. रिकामी हाय म्हून तर तुला ठिवलाय. दुसऱ्या कुनाच्या हातात रिकामी चालली नसती. समद्या गावाला ठावं हाय, दानेल देवाचा मानूस, दानेल खोटं वागत न्हाई. त्यानं नेम धरला म्हंजे ती भरलेलीच. तुझ्या तोंडाकडं बगून लोक भेत्यात, बंदुकीला न्हाई." त्यांनी सुपारीचं खांड पुढे केलं. "बाईचं वाईट झालं. तिला काय लागंल ते देऊ. तू मनाला लावून घिऊ नको. जा, झोप."

दानिएलला वाटलं होतं, आपण आठ वर्षं सगळ्यांपासून एक चांगली गोष्ट लपवली. ती लपलेली नव्हतीच. बसवंतरावांनी ती कधीच ओळखून कामाला जुंपली होती. रविवारी न चुकता गुडघ्यांवर बसणं, खोटं न बोलणं, चतुराबाईच्या मातीला म्हटलेलं गाणं, बापाने घेतलेलं बाप्तिस्म्याचं पाणी, हे सगळं त्या दोन मोकळ्या नळ्यांत ठासून भरलेलं होतं. लिंबाजीच्या वेळी निदान काडतूस होतं. कडूबाईच्या मांडीवर तो स्वतःच सुटला होता. त्याला इतकी लाज वाटली की क्षणभर समोरचं दिसेना.

त्याने बंदूक खांद्यावरून काढली आणि गादीच्या कडेला आडवी ठेवली.

"हे काय?"

"लायसन तुमच्या नावावर हाय, मालक. मला आता हिच्यासंगं उभं ऱ्हाता येत न्हाई."

"आन् ऱ्हातो ती खोली?"

"उद्या मोकळी करतो."

"सांजपातुर डोस्कं थंड हुईल तुझं," बसवंतराव म्हणाले, पण अडकित्ता थांबला होता.

बाहेर अंगण ओस पडलं होतं. खांदा हलका झाला होता आणि त्या हलकेपणाने तोल जाईल असं वाटत होतं. तो दगडी धक्क्यावर चढला. गुरुवारी कडूबाईच्या पदरातून ओघळलेली सरकी अजून तशीच पडली होती, कुणी झाडली नव्हती. तो वाकला. ती जिथे वाकायची तिथेच वाकला आणि ओंजळीने सरकी वेचून सदऱ्याच्या ओच्यात घेऊ लागला. "दानेल!" ओसरीतून मालकांची हाक आली. वाकलेल्या माणसाला मागून हाक आली की पाठीच्या कण्यातून काय जातं, ते त्याला पहिल्यांदाच कळलं. पाय पळायला निघाले होते. त्याने ते थांबवले, वळला आणि मोठ्याने म्हणाला, "सरकी घ्यायलोय, मालक. कडूबाईच्या शेळीला." आवाज अंगणभर घुमला. मालक ओसरीतच उभे राहिले. तो उतरला आणि राखणदाराने जायचं ते मोठं फाटक सोडून भिंतीच्या भगदाडाकडे गेला. ते फार लहान होतं. त्याला पोटावर सरपटावं लागलं, सदरा खांद्याशी फाटला. एवढ्यातून ती बाई पदरातली सरकी न सांडता रोज कशी जात असेल, याचं त्याला नवल वाटलं.

रुळाच्या पलीकडे वस्ती बंद होती. दारांना काटेरी फांद्या लावलेल्या, चुली थंड, एकही कुत्रं भुंकलं नाही. शेवटच्या खोपटाशी खुंटाभोवती दावं गुंडाळून गुंडाळून आखूड झालेलं, आणि त्याच्या टोकाला शेळी बसलेली. जिवंत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि धडपडत उठून दावं ताणून मागे सरली. मागे सरताना तिचे डोळे त्याच्यावरून हलले नाहीत. तसेच डोळे त्याने गुरुवारी पाहिले होते. हातात काही नव्हतं, तरी ती त्याला भीत होती.

त्याने पालथं पडलेलं घमेलं सुलटं केलं, रांजणातलं तळाशी राहिलेलं पाणी त्यात ओतलं आणि ते पुढे सरकवलं. ती आली नाही. तो बाजूला, मातीत गुडघ्यांवर बसला. तिला नाव होतं की नाही, ते विचारायचं राहून गेलं होतं. "ये," तो म्हणाला. "ये ग बाई. भिऊ नको. कडूबाईनं धाडलंय मला." एकट्या वस्तीत आपलाच आवाज ऐकताना त्याला रडू आलं आणि त्याने ते आवरलं नाही. रडत रडत तो बोलत राहिला. कडूबाई दवाखान्यात आहे म्हणाला, पाय मोडलाय म्हणाला, तो मी मोडला म्हणाला. चतुराबाई गेल्यापासून तो इतकं कुणाशी बोलला नव्हता. ऊन उतरलं. मग त्याने ओच्यातली सरकी काढली, डाव्या तळव्यावर उजवा तळवा ठेवला, त्यावर ती घेतली आणि हात पुढे केले. हातांना अजून तेलाचा वास येतच होता. शेळी बराच वेळ लांबूनच हुंगत राहिली. त्याचे दंड भरून आले, पण या खेपेला त्याने ओंजळ मागे घेतली नाही.